आधी मैल्याची सोय, मग मुक्काम

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पवना धरणाच्या काठावरचे तंबू-मुक्काम आणि कॅराव्हॅन पर्यटन

महोदय,



मी पिंपरी-चिंचवडचा रहिवासी. आमच्या नळाला येणारं पाणी पवना धरणाचं आहे आणि त्याच धरणाच्या काठावर तंबू ठोकून रात्र काढायला मला मनापासून आवडतं. शहराचं पाणी आणि शहराचा विरंगुळा एकाच तलावावर येऊन ठेपले आहेत. या दोन्हींचा मेळ घालण्याची जबाबदारी मात्र आज कुणाच्याच अंगावर नाही. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि तेही उघडपणे, कारण यात माझ्यासारख्या लाखो लोकांचा संबंध येतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या कुठल्याही शनिवारी संध्याकाळी दुधिवरे खिंड ओलांडून पवनेच्या खोऱ्यात उतरा. ठाकूरसाई, फांगणे, आंबेगाव, शिळींब, जिकडे रस्ता जातो तिकडे काठाला निळ्या-नारिंगी तंबूंच्या रांगा दिसतील. पुण्याहून दीड-दोन तास, मुंबईहून अडीच-तीन. चारच्या सुमाराला गाड्या येतात, चहा-भजी होतात, अंधार पडला की शेकोटी, बार्बेक्यू, कुणाची तरी गिटार, कुठे कुठे डीजे. रात्री जेवण, सकाळी पोहे-चहा आणि अकराच्या आत जागा रिकामी. माणशी हजार-दोन हजारांत हे सगळं होतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथे हातावर मोजण्याइतके हौशी लोक यायचे. आज तंबू-मुक्काम हा या खोऱ्यातला मोठा धंदा झाला आहे. या धंद्यावर गावातल्या पोरांची घरं चालतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. तंबूंवर बंदी घालू नका आणि त्यांना वाऱ्यावरही सोडू नका. मुक्कामाची परवानगी देताना सरकारने सगळ्यात आधी विचारावं, की रात्री राहिलेल्या माणसांचा मैला आणि सांडपाणी सकाळी कुठे जाणार? याचं पटणारं उत्तर ज्याच्याकडे असेल त्यालाच परवाना मिळावा. आणि त्या परवान्यावर पहिला हक्क धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा असावा. तंबूला जो नियम, तोच कॅराव्हॅनला.

आधी तंबूच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू सहसा कुणी मांडत नाही. बातमी येते ती बुडाल्याची, दारूची, धिंगाण्याची. पण शनिवारी काठावर जाऊन नीट पाहिलं तर वेगळी माणसंही दिसतात. वन-बीएचकेत राहणारं चौघांचं कुटुंब, ज्याला हॉटेलची खोली परवडत नाही. भिशीतल्या सात-आठ मैत्रिणी, घराबाहेर रात्र काढण्याची पहिलीच वेळ असलेल्या. आजोबांचा हात धरून आकाशातलं मृग नक्षत्र शोधणारी पोरं, ज्यांना शहरात चंद्राखेरीज फारसं काही दिसत नाही. पहाटे उठून तिकोना किंवा तुंग किल्ला चढून येणारे, लोहगडाकडे निघालेले. आपल्या शहरांत माणशी मोकळी जमीन इतकी कमी उरली आहे की रात्री उघड्यावर झोपणं ही आता विकत घ्यायची गोष्ट झाली आहे. ती स्वस्तात मिळते हे चांगलंच आहे. ज्यांची सेकंड होम आहेत, ज्यांचे बंगले याच तलावाकडे तोंड करून उभे आहेत, त्यांच्याकडे हा काठ बारा महिने आहे. बाकीच्यांना एका रात्रीपुरता तो तंबूमुळे मिळतो. म्हणून तंबू टिकले पाहिजेत.

आता गावाची बाजू. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण उभं राहिलं आणि खोऱ्यातली भाताची उत्तम खाचरं पाण्याखाली गेली. त्यातल्या बऱ्याच खातेदारांचं पुनर्वसन आजही अपुरं आहे. मोर्चे निघतात, बैठका होतात, घोंगडं भिजत राहतं. काठावरच्या एका छोट्या कॅम्पवर जेवण वाढणाऱ्या बाई मला म्हणाल्या होत्या, “दादा, तुमच्या तंबूच्या फुडं पानी दिसतंय ना, तिथं आमची खाचरं व्हती. सासरं आंबेमोहोर लावायचं. उन्हाळ्यात पानी उतरलं की बांध वर येतो, अजून.” त्यांनी हे रडगाणं म्हणून सांगितलं नाही. भाकरी थापताना, सहज सांगितलं. त्यांच्या घरच्यांनी उरलेल्या तुकड्यावर दहा तंबू लावले होते. शेजारच्या मोठ्या कॅम्पची जमीन मात्र बाहेरच्या माणसाने भाड्याने घेतलेली होती आणि गावातली पोरं तिथे पगारावर राबत होती. लाकूड, कोंबडी, भाजी, गाडी लावायची जागा, यातून गावाला चार पैसे मिळतात. पण मोठा वाटा गावाबाहेर जातो आणि घाण गावातच राहते.

आणि ती घाण गावापाशीही थांबत नाही. पवनेतून सोडलेलं पाणी नदीपात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून ते उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सतरा लाखांच्या वर होती, आज ती कितीतरी वाढली आहे. पवनेचं खोरं मावळ तालुक्यात येतं आणि या पाण्याची किंमत मावळाला चांगली ठाऊक आहे. पवना ते निगडी बंद जलवाहिनीच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. ज्या पाण्यासाठी माणसं मेली त्या पाण्याच्या काठावर शौचालयाच्या खड्ड्याला तळ आहे की नाही हे कुणी तपासत नसेल, तर तो त्या माणसांचाही अपमान आहे आणि आमचाही.

मी हे ऐकीव लिहीत नाही. एका मोठ्या कॅम्पवर सकाळी जे पाहिलं ते सांगतो. शंभरेक माणसं मुक्कामाला आणि त्यांच्यासाठी पत्र्याची चार शौचालयं. सात वाजता प्रत्येकापुढे रांग. रांगेला कंटाळून पुरुषमंडळी बाटल्या घेऊन झुडपांकडे निघालेली, बायका अर्थातच ताटकळत उभ्या. शौचालयांच्या मागच्या अंगाला खड्डा, त्यावर शहाबादी फरशी आणि खड्ड्याच्या कडेतून निघालेला चार इंची पीव्हीसी पाइप. तो पाइप कुठे जातो म्हणून मी त्याच्या मागोमाग गेलो. पंधरा-वीस पावलांवर तो गवतात उघडाच संपला होता. तिथलं गवत भर हिवाळ्यात हिरवंगार होतं. उतार तलावाकडे. खाली काठावर दोन पोरं रात्रीची बार्बेक्यूची जाळी आणि पातेली घासत होती. तेलकट काळं पाणी सरळ तलावात उतरत होतं. खड्डा भरला की काय करता, असं विचारलं तर एक जण म्हणाला, “काका, गाडी बोलावतो उपसायला. आणि नाही आली तरी पाऊस आला की आपोआप जातं.”

पाऊस आला की जातं, हे त्याने खरंच सांगितलं. मावळात पाऊस धो-धो पडतो. माती पातळ आणि खाली कातळ, त्यामुळे पावसाळ्यात जमीन तुडुंब भरली की शोषखड्ड्यात काहीच शोषलं जात नाही. हंगामभर साठलेलं वर येतं आणि उताराने धरणात जातं. त्या पोराचा यात दोष नाही. त्याला खड्डा किती खोल, पाण्यापासून किती लांब, टाकीला किती कप्पे, हे कुणी सांगितलंच नाही. तपासायलाही कुणी आलेलं नाही.

कुणी का येत नाही, याचं कारण इथल्या वाटणीत आहे. पाणी आणि संपादित जमीन जलसंपदा खात्याची. डोंगरउतार वन खात्याचा. लोहगड-विसापूर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. बांधकाम परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए). कचरा ग्रामपंचायतीचा. भांडण-तंटा, आवाज आणि बुडालेला माणूस लोणावळा ग्रामीण पोलिसांचा. दारू उत्पादन शुल्क खात्याची. आणि पर्यटक आपल्या खात्याचा. तंबू हा इमारतीत मोडत नाही, म्हणून बांधकामाचा नियम त्याला लागत नाही. हॉटेलात मोडत नाही, म्हणून हॉटेलचा नाही. एवढी खाती असूनही शौचालयाचा पाइप कुठे संपतो हे पाहणं कुणाच्याच कामात बसत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

मग अपघात होतो आणि मनाई आदेश निघतो. ३० जून २०२४ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मावळ-मुळशीतल्या पर्यटनस्थळांवर निर्बंध आणले. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चार जण गेले. पवनेत पोहायला उतरलेली तरुण मुलं दर वर्षी बुडतात. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्याखाली जुने बांध आहेत, गाळ आहे. कंबरभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला डोक्याच्या वर पाण्यात जातो. त्यांना शोधायला शिवदुर्ग मित्र आणि वन्यजीव रक्षक मावळ या संस्थांची स्थानिक पोरं जीव धोक्यात घालून पाण्यात उतरतात. सरकारी यंत्रणा पोचेपर्यंत बहुतेक वेळा त्यांनीच काम केलेलं असतं. या पोरांचं ऋण सगळ्या मावळावर आहे.

मनाई आदेश पावसाळ्यापुरता योग्यच आहे. पुराच्या वेळी माणसाला धबधब्यापासून लांब ठेवलंच पाहिजे. पण आदेशाची मुदत संपली की पुढे काय, हे त्या कागदावर नसतं. बंदीच्या काळात चांगला कॅम्पवाला बंद ठेवतो, कारण त्याला नाव सांभाळायचं असतं. बेफिकीर असतो तो दिवे मालवून आतल्या बाजूला तंबू लावतो. तिथे जीवरक्षक नाही, दोरी नाही, धड रस्ता नाही. आठ महिने कानाडोळा आणि चार महिने बंदी, एवढ्याने व्यवस्था होत नाही.

आता कॅराव्हॅनकडे येतो, कारण त्याबाबतीत तर आपल्या खात्याने स्वतःहून पाऊल उचललं आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. गाडीतच पलंग, स्वयंपाकाचा ओटा, शौचालय असलेल्या मोटर कॅराव्हॅनची आणि तिला थांबायला लागणाऱ्या कॅराव्हॅन पार्कची, अशी दोन्हींची नोंदणी त्यात आली. विचार उत्तम होता आणि आजही आहे. जिथे हॉटेल बांधता येत नाही, बांधूही नये, तिथे चाकांवरची खोली एक रात्र थांबते आणि निघून जाते. डोंगर फोडावा लागत नाही. म्हातारे आईवडील, लहान मूल, गुडघ्याचं दुखणं असलेली माणसं, ज्यांना तंबूत जमिनीवर झोपता येत नाही, त्यांना कॅराव्हॅनमुळे डोंगर-तलाव पाहता येतो. पुण्या-मुंबईत अशा गाड्या भाड्याने मिळतात. आठ-दहा जण मिळून घेतात, भाडं वाटून घेतात.

पण ती गाडी थांबणार कुठे? कॅराव्हॅनला सपाट जागा लागते, वळायला ऐसपैस अंगण लागतं, विजेचा प्लग लागतो, पिण्याच्या पाण्याचा नळ लागतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोटातली टाकी रिकामी करायला जागा लागते. गाडीत दोन टाक्या असतात. एकीत बेसिन आणि आंघोळीचं सांडपाणी, दुसरीत मैला. चार-सहा माणसांची ती टाकी दोन दिवसांत भरते. अमेरिका-युरोपात कॅराव्हॅनवाल्यांचा सगळा प्रवास या टाक्या रिकाम्या करण्याच्या जागा पाहून आखला जातो. सरकारी उद्यानांच्या कॅम्पग्राउंडवर त्या जागेचा फलक असतो, तिथे नळी जोडायची सोय असते, खाली थेट गटार किंवा मोठी बंदिस्त टाकी असते. आपल्याकडे एखादा चालक काय करतो? पेट्रोल पंपाच्या शौचालयात ओततो, नाहीतर अंधारात घाटाच्या कडेला गाडी लावून झडप उघडतो. त्याच्यापुढे तिसरा मार्ग आपण ठेवलेलाच नाही. टाकीत दुर्गंध मारण्यासाठी घातलेलं रसायन ओढ्यात गेलं तर ते आणखी वाईट.

विजेचंही तसंच आहे. प्लग नसला की जनरेटर लावावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी चालवलेल्या जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरून ते गेल्याचं तपासात निष्पन्न झालं. या वायूला वास नाही, रंग नाही. थंडीत तंबूची चेन लावून आत कोळशाची शेगडी ठेवणाऱ्यांनाही हाच धोका आहे. पवनेच्या काठावर जानेवारीच्या रात्री मी अशी शेगडी एका तंबूत पाहिली आहे. आत दोन लहान मुलं झोपलेली होती. सांगितल्यावर आईवडिलांनी ती लगेच बाहेर काढली, आमच्या मागच्या ओळीतल्या आणखी दोघांनीही काढली. त्यांना कुणी हे कधी सांगितलेलंच नव्हतं. परवान्याबरोबर प्रत्येक तंबूत लावायची एक सूचना छापली असती, तरी पुरलं असतं.

केरळनेही २०२१ मध्येच कॅराव्हॅनचं धोरण आणलं आणि २०२२ मध्ये वागमोणला त्यांचं पहिलं कॅराव्हॅन पार्क सुरू झालं. गाड्यांआधी थांबे उभे राहायला हवेत, हा धडा त्यातून आपण घ्यावा. आपल्याकडे त्यासाठी नवी जमीन शोधायचीही गरज नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची (एमटीडीसी) निवासं आहेत. कार्ल्याचं निवास जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत आहे. तिथे रस्ता आहे, वीज आहे, पाणी आहे, रात्री माणूस आहे. भंडारदऱ्याला आहे, माळशेजला आहे, महाबळेश्वरला आहे. प्रत्येक ठिकाणी चार-पाच कॅराव्हॅन उभ्या राहतील एवढी फरसबंद जागा, विजेचे प्लग आणि मैल्याची टाकी रिकामी करायची एक बंदिस्त सोय, एवढ्याने धोरण कागदावरून रस्त्यावर उतरेल. पवना पाहायला आलेली कॅराव्हॅन रात्री कार्ल्याला थांबेल, धरणाच्या काठावर नाही. त्यात गाडीचंही भलं आणि पाण्याचंही.

तंबूंसाठी तर रस्ता आपल्याच कारभारात तयार आहे. धरणाचं पाणी उतरलं की उघडी पडणारी जमीन जलसंपदा खातं गाळपेरीसाठी, म्हणजे गाळाच्या जमिनीत पीक घेण्यासाठी, हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतं आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असतं. जमीन सरकारची, पट्टा मोसमापुरता, अटी ठरलेल्या, पहिला मान ज्याची जमीन गेली त्याचा. महाराष्ट्रातल्या धरणांच्या गावांना ही पद्धत नवी नाही. तंबूंच्या परवान्याला हीच चौकट लावा. फक्त एक फरक करा, तंबू आणि शौचालयं पाण्याच्या पूर्ण संचय पातळीच्या बाहेर, मागच्या बाजूला. जगभर डोंगरात फिरणारे लोक पाण्यापासून दोनशे फूट, म्हणजे सुमारे साठ मीटर लांब मुक्काम करण्याचा साधा दंडक पाळतात. पिण्याच्या पाण्याच्या धरणाला त्यापेक्षा कमी अंतर कसं चालेल?

म्हणून माझ्या मागण्या थेट लिहितो.

१. पवनेच्या काठावर तंबू-मुक्कामाचा मोसमी परवाना सुरू करावा. पहिला हक्क धरणग्रस्त कुटुंबांना आणि त्यांच्या बचत गटांना. परवाना भाड्याने फिरवता येऊ नये. जागेच्या आकारावरून तंबूंची संख्या ठरावी आणि ती जागेवर फलकावर लिहिलेली असावी.

२. दर दहा माणसांमागे किमान एक शौचालय, बायकांसाठी वेगळं, आत दिवा आणि पाणी असलेलं. उघडा पाइप आणि तळ नसलेला खड्डा असेल तर परवाना नाही. बंदिस्त टाकी आणि ती ठरलेल्या दिवशी उपसणारी गाडी. मालक बोलावेल तेव्हा येणारी नव्हे, वेळापत्रकाने येणारी.

३. उपसलेला मैलागाळ कुठे रिकामा झाला याची नोंद गाडीच्या फेरीगणिक व्हावी. हे अशक्य नाही. कृष्णाकाठच्या वाईने आणि सिन्नरने घरोघरच्या सेप्टिक टाक्या वेळापत्रकाने उपसण्याची आणि त्या मैलागाळावर प्रक्रिया करण्याची पद्धत बसवून दाखवली आहे. छोट्या नगरपालिकांना जे जमलं ते पुण्याच्या सावलीतल्या खोऱ्याला जमायला हवं.

४. प्रत्येक कॅम्पवर जीवरक्षक जॅकेट, दोरी, ट्यूब आणि प्रशिक्षण घेतलेला एक माणूस. पोहायची जागा दोरीने आखलेली, अंधार पडल्यावर पाण्यात उतरायला पूर्ण मनाई. प्रशिक्षण स्थानिक बचाव पथकांकडून द्यावं आणि त्याचा मोबदला त्यांना मिळावा.

५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हा कायदा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून आहेच, तो काठावरही लागू आहे हे परवान्यात लिहावं. पलीकडच्या वाडीत म्हातारी माणसं झोपतात, पहाटे गुरांचं दूध काढायला उठतात.

६. एमटीडीसीच्या निवासांवर कॅराव्हॅनचे थांबे, आणि ते कुठे आहेत हे कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने गाडी देतानाच गिऱ्हाइकाला लेखी सांगणं बंधनकारक.

७. या सगळ्यासाठी एकच खिडकी आणि एकच जबाबदार अधिकारी. नावानिशी, फोन नंबरासह, धरणाजवळच्या पवनानगरला बसणारा.

यावर काय म्हटलं जाईल हे मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप असा, की परवाना आला की हप्ता येतो. गरीब धरणग्रस्त कागदांच्या फेऱ्यात अडकतो आणि बाहेरचा पैसेवाला वकील लावून परवाना नेतो. ही भीती खरी आहे. म्हणूनच धरणग्रस्तांचा हक्क पहिल्या ओळीत हवा, अटी मोजक्या आणि डोळ्यांनी तपासता येतील अशा हव्यात. शौचालयं किती, टाकी बंदिस्त आहे का, पाइप कुठे संपतो, पाण्यापासून अंतर किती, जॅकेट आहेत का. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. ग्रामसभेत वाचून दाखवता येईल अशी ही यादी आहे, आणि तपासणीचा अहवाल ग्रामसभेत वाचला गेला तर लपवालपवीला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. टाकी, गाडी, जीवरक्षक, यामुळे तंबू महाग होईल. होईल, थोडा होईल. माणशी शंभर-दीडशे रुपये वाढले तर आम्ही देऊ. एका रात्रीत बार्बेक्यूला आणि पेट्रोलला जो खर्च करतो त्यापुढे ही रक्कम मोठी नाही. पण तो पैसा ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात जावा आणि मैला उपसणारी गाडी, कचरा आणि बचाव पथक यांवरच खर्च व्हावा. पर्यटकांकडून गोळा केलेला कर मुंबईला गेला आणि गावाला निविदांची वाट पाहावी लागली, तर गाव पुन्हा फसलं असं समजेल, आणि ते बरोबर असेल.

तिसरा आक्षेप असा, की धरणाच्या काठावर मुक्कामच का हवा? सगळं बंद करा, पाणी आपोआप स्वच्छ राहील. पण काठावर केवळ तंबू नाहीत. बंगले आहेत, रिसॉर्ट आहेत, गावं आहेत. तंबू हटले तर रिकाम्या जमिनीवर पक्कं बांधकाम यायला वेळ लागणार नाही. नीट चालवलेला तंबू हा या काठाचा सगळ्यात हलका वापर आहे. पावसाळ्यापूर्वी तो गुंडाळून ठेवता येतो, आणि बंगला गुंडाळता येत नाही. लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता या खोऱ्यात गर्दी वाढेल, वाढतेच आहे. पुढच्या दहा वर्षांत इथे सिमेंट उभं राहायचं की शिस्तीतले तंबू, हे आजच ठरवावं लागेल.

हे पवनेपुरतं नाही. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे पाहायला हजारो गाड्या जातात, तिथेही रात्रीचे तंबू आहेत आणि खाली प्रवरेचं पाणी आहे. मुळशी, पानशेत, वैतरणा, जिथे शहरापासून तीन तासांच्या आत पाणी आणि डोंगर आहे तिथे हेच चित्र आहे. पवनेला एक नीट नमुना उभा राहिला तर तो बाकीच्या तलावांना जसाच्या तसा लावता येईल.

माझ्यासारख्या तंबूत राहणाऱ्यांनाही या पत्रातून एक सांगायचं आहे. बुकिंग करताना आपण विचारतो, चिकन किती देणार, तलाव तंबूतून दिसतो का, म्युझिक किती वाजेपर्यंत. त्याबरोबर विचारा, शौचालयं किती आणि त्यांचा मैला कुठे जातो. ज्याला उत्तर देता येत नाही तिथे जाऊ नका. सरकारी निरीक्षक वर्षातून एकदा येईल, गिऱ्हाईक दर शनिवारी येतं. आपण विचारायला लागलो तर मालक उत्तर तयार ठेवतील.

महोदय, धोरण आपल्या खात्याचं आहे. धरण आणि संपादित जमीन सरकारची आहे. गावातली माणसं काम करायला तयार आहेत, बचाव पथकं मदतीला आहेत, पैसा पर्यटक देतील. मैल्याचं नियोजन कसं करायचं हे आपल्याच राज्यातल्या दोन गावांनी दाखवलं आहे. उरला आहे तो निर्णय, आणि तो निर्णय राबवणारा एक जबाबदार माणूस. तंबूंचा हंगाम दिवाळीनंतर भरात येतो. त्याआधी पवनेच्या काठावरचा पहिला परवाना एखाद्या धरणग्रस्त कुटुंबाच्या हातात पडावा, आणि त्याच्या आधी त्या जागेवरची शौचालयाची टाकी तपासली गेलेली असावी, एवढी विनंती.

कळावे,

आपला,
पिंपरी-चिंचवडचा एक रहिवासी